तळाची किंमत

दर वादळानंतर आमच्या डोंगरातल्या रस्त्यांची गटारं दगडमातीनं बुजतात आणि ती उपसतो आम्हीच. सेलेप, जुकुताई, मी आणि गावातल्या आणखी काही बायका. टेंडर मात्र असायचं खाली पिंगतुंगच्या मैदानात राहणाऱ्या ठेकेदार त्सायचं. त्याचा ट्रक आला की काम, नाही आला की घरी. माणूस वाईट नव्हता, दुपारी डबे आणायचा, वर सुपारीही द्यायचा. पण एका पावसाळ्यात त्यानं बाहेरचे मजूर आणले, आणि आमच्याच दारासमोरचं गटार दुसरे उपसताना आम्ही ओट्यावर बसून पाहिलं. त्या संध्याकाळी सेलेप म्हणाली, "यापुढचं टेंडर आपण भरायचं."

सेलेप तेव्हा पन्नाशीला आली होती. नवरा समुद्रावर मासेमारीच्या बोटीवर, पोरं शहरात. तिनं एखादी गोष्ट धरली की सोडत नसे. लग्नाच्या वेळी सासरच्यांनीही ते बघितलं होतं. तिनं आम्हा बायकांची मजूर सहकारी संस्था काढली, शिक्के मिळवले, अनामत भरली आणि टेंडरचं पाकीट टाकलं.

पाकिटं फोडायच्या दिवशी आम्ही नवी जाकिटं घालून तालुक्याच्या कचेरीत गेलो. तीन पाकिटं होती आणि सगळ्यात कमी आकडा आमचा निघाला. मी जुकुताईच्या मांडीला चिमटा काढला. तेवढ्यात साहेब म्हणाले की आकडा सर्वांत कमी असला तरी तळाच्या किमतीच्या वर आहे, आणि कमी करायची पहिली संधी आमची.

तळाची किंमत. सेलेपनं शब्द ऐकला तसाच घेतला. तळ म्हणजे जमीन, त्याच्या खाली गेलं की बुडालो. आपण वर आहोत हे तर चांगलंच झालं, मग हा माणूस खाली का ओढतोय? ती उठून उभी राहिली.

"नाही साहेब. आम्ही वरच बऱ्या आहोत."

साहेबांनी पुन्हा विचारलं. तिनं पुन्हा तेच सांगितलं. मग त्यांनी बाकीच्यांना विचारलं, त्सायनं आकडा उतरवला आणि काम त्याला गेलं.

बाहेर आल्यावर खिडकीवरच्या यांग मॅडमनी तिला बाजूला घेतलं. कचेरीच्या बंद पाकिटात असते ती तळाची किंमत म्हणजे कचेरी जास्तीत जास्त किती देणार तो आकडा. त्याच्या वर असाल तर काम मिळत नाही.

"म्हणजे ते छत आहे," सेलेप म्हणाली.

"हो."

"मग छताला तळ का म्हणता?"

"मी नोकरीला लागले त्याच्या आधीपासून म्हणतात," मॅडम म्हणाल्या. त्यांनाही ते जरा अवघडच वाटलं असावं.

गावाला हसायला तेवढं पुरलं. कुणाच्या घरी बाजरीची दारू वाढताना यजमान विचारायचे, "सेलेप, आणखी घेतेस, की वरच बरी?" ती प्याला पुढे करायची आणि तसाच भरलेला खाली ठेवायची. मला एकदा म्हणाली, "हरले असते तर चाललं असतं गं. मी जिंकत होते आणि मीच नको म्हटलं."

त्यानंतर ती स्कूटरवरून कचेरीत जायला लागली. एका खेपेला एक शब्द विचारायचा, पूर्ण कळेपर्यंत उठायचं नाही. मॅडम कधी कंटाळायच्या, कधी स्वतःच पुस्तक उघडून बघायच्या. जिल्ह्याच्या गावी ठेकेदारांसाठी वर्ग भरला तिथेही ती जाऊन बसली. परत आली की जुकुताईच्या अंगणातल्या पाटीच्या दगडाच्या फरशीवर लिहून आम्हाला शिकवायची. कचेरीतले चिनी शब्द आमच्या जिभेवर बसेनात, म्हणून आम्ही ते आमच्या पायवान बोलीत आणले. तळाच्या किमतीला नाव दिलं जुकुताईनं. आमची जुनी दगडी घरं, दारं बुटकी. ताई म्हणाली, "ही दाराची वरची चौकट. वाकलीस तर आत, ताठ राहिलीस तर कपाळमोक्ष." ते मात्र कुणी विसरलं नाही.

पुढच्या वर्षी पुन्हा पाकीट टाकलं. पहिल्या वेळी नियमाला लागतात तेवढी तीन पाकिटं जमलीच नाहीत. साहेब म्हणाले, टेंडर वाहून गेलं. आमचे चेहरे पडले, पण सेलेप शांत होती. म्हणाली, "वाहून गेलं म्हणजे मेलं नाही. परत काढतात, आणि तेव्हा एकच पाकीट आलं तरी उघडतात."

झालंही तसंच. त्साय पुलाच्या मोठ्या कामाला लागला होता, त्यामुळे दुसऱ्या वेळी आमचं एकटंच पाकीट होतं. आकडा चौकटीच्या वर. कमी करता का? सेलेपनं कमी केला. अजून वर. पुन्हा केला, तरी वर. कमी करायची संधी तीनदाच, आता शेवटची वेळ, आणि कचेरीच्या पाकिटात काय आहे ते आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हतं. तिनं जुकुताईकडे पाहिलं. ताईनं मान हलवली. तेव्हा तिनं कागदावर आकडा न घालता लिहून दिलं, की तुमच्या तळाच्या किमतीला आम्ही काम करू.

असं लिहून देता येतं हे तिला वर्गात कळलं होतं. साहेबांनी ते वाचलं, पाकीट उघडलं आणि काम आमचं झालं.

आकडा मात्र आम्ही धरला होता त्याहून बराच खाली होता. जिन्यात सेलेप भिंतीला टेकून उभी राहिली. मी म्हटलं, जमेल का? ती म्हणाली, "जमवायचं. सही केलीय."

ट्रक भाड्यानं घेणं परवडेना, म्हणून तिच्या दिराचा छोटा टेम्पो वापरला. सेलेपनं स्वतःची मजुरी सगळ्यांच्या शेवटी घेतली. काम संपलं असं आम्हाला वाटलं तेव्हा तपासणीवाला आला, काठीनं गटार ठोकत चालला आणि शाळेजवळचा तुकडा नापास करून गेला. जुकुताईनं त्याला आमच्या बोलीत काय काय म्हटलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. ज्या फावड्यावर टेकून सेलेप ऐकत होती, तेच उचलून ती गटारात उतरली. आम्हीही उतरलो. दुसऱ्या तपासणीत काम पास झालं.

आता दरीकडच्या रस्त्याला कठडे बसवायचं टेंडर निघालंय. काम आमच्यासाठी नवं आहे, आणि कागदात एका शब्दावर गाडी अडली आहे. आज सकाळी मी तिच्याकडे गेले तर स्कूटर दारात नव्हती. शेजारीण म्हणाली, कचेरी उघडायच्या आधीच ती खाली तालुक्याला गेलीय.