आखाजीच्या दोन रिंगा

दोंडाईच्यात झुलाल आबांच्या घरी फोन आला, तेव्हा अख्ख्या गल्लीचा नंबर तोच होता. लग्नपत्रिकेत लोक खुशाल आपल्या नावाखाली आबांचा नंबर छापायचे आणि आबांची बायको भिकुबाई कणकेच्या हातानं दारोदार हाका मारत फिरायची, "वं वनानी माय, सुरतथीन फोन शे!" पुढे मोबाईल आले. ज्याचं त्याचं बोलणं ज्याच्या त्याच्या खिशात गेलं आणि आबांचा फोन मधल्या खोलीतल्या कोनाड्यात, क्रोशाच्या रुमालाखाली गप्प बसून राहिला. असून अडचण नसून खोळंबा, असं मुलगा प्रेमराज त्याला म्हणायचा. भिकुबाई त्यावर काही बोलायची नाही, रुमाल तेवढा धुऊन पुन्हा घालायची.

तशी ती कशावरच बोलायची नाही. शिंदखेड्याकडून लग्न होऊन आली तेव्हापासून नवऱ्यापुढे मोठ्यानं काही मागितलं असेल तर जेवतानाचं मीठ, तेही त्यांच्यासाठीच. आबांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. ती रेघ कुठे ओढली आहे हे बघून पाय टाकायचा, एवढंच शिक्षण तिला सासरी मिळालं होतं.

त्यांची थोरली ज्योत्स्ना मात्र खरोखरची शिकली. धुळ्याला वसतिगृहात राहायची. तेव्हा सगळ्या खानदेशात एक रीत होती. पोरगं परगावी पोहोचलं की बूथवरून घरी फोन लावायचा, दोन रिंगा होऊ द्यायच्या आणि कापायचा. घरच्यांनी उचलायचा नाही. दोन रिंगा म्हणजे पोहोचले, खुशाल आहे. फुकटात खुशाली कळायची.

मग एक दिवस ज्योत्स्ना पोहोचल्याच्या रिंगा आल्याच नाहीत. जातीबाहेरच्या मुलाशी लग्न करून ती निघून गेली होती. कोणी सुरत म्हणालं, कोणी वापी. आबांनी अंगणात पाट मांडला, तिच्या नावानं आंघोळ केली आणि ओल्या अंगानंच घराला बजावलं, "तिना आवाज ह्या घरमा पुन्हा उना, ते मना आवाज तुम्हले ऐकू येवाव नही." शाळकरी प्रेमराज भिंतीला चिकटून ऐकत होता. त्यानं बहिणीचं नाव त्यानंतर काढलं नाही.

पुढची आखाजी आली. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, हा लेकींचा सण. लिंबाच्या झाडांना झोके टांगलेले, माहेरी आलेल्या पोरींच्या गाण्यांनी गल्ली भरलेली. त्याच दिवशी सकाळी घरातल्या गेलेल्या माणसांसाठी मातीची घागर भरायची, वर खरबूज ठेवायचं, पितरांना जेवू घालायचं. आबा म्हणाले, "तिनी बी घागर भर. आंघोळ करेल शे मी."

भिकुबाईनं मान हलवली आणि सासू-सासऱ्यांची घागर तेवढी भरली. दुसरी आणलीच नाही. असलं धाडस तिनं आयुष्यात पहिल्यांदाच केलं होतं. जेवणं झाली. आबा ओट्यावरच्या खाटेवर तोंडावर उपरणं घेऊन पडले. ती भांडी घासायला बसली आणि मधल्या खोलीत फोन वाजला. एक रिंग. दुसरी. मग बंद.

राखेनं भरलेले हात तसेच धरून ती किती तरी वेळ बसून राहिली. रडलीसुद्धा, पण तोंडात पदर कोंबून. आवाजावर बंदी होती, घंटेवर नव्हती. लेकीनं बापाचा शब्द मोडला नव्हता आणि आईनंही फोन उचलून तो मोडला नाही.

तेव्हापासून दर आखाजीला, भांड्यांच्या वेळेला, दोन रिंगा. भिकुबाईचं वर्ष त्या दोन रिंगांपासून सुरू व्हायचं. पोर जिवंत आहे, तिची घागर भरायची नाही. आबांनीही पुन्हा कधी दुसऱ्या घागरीचं नाव काढलं नाही. विसरले असतील, असं भिकुबाईला वाटलं. पुरुषांच्या लक्षात राहतंच काय! एका वर्षी आखाजीच्या तोंडावर रस्ता खोदताना केबल तुटली, तर आबा भर उन्हात गेले आणि धनसिंग लाईनमनला मोटारसायकलवर मागे बसवून घेऊन आले. "मिरचीना व्यापारीना फोन येवाना शे," म्हणाले. मिरचीचा हंगाम तेव्हा कधीच सरलेला होता. पण लाईन जोडली गेली या आनंदात भिकुबाईला हंगाम कुठला आठवायला!

यंदा होळीला नाशिकहून प्रेमराज आणि सून दिपमाला आली. पोरगा गुणाचा. आईवडिलांचं तोंड रोज दिसावं म्हणून त्यानं घरी फायबरचं इंटरनेट घ्यायचं ठरवलं होतं. त्याच वायरीवर घरचा फोनही चालणार, टीव्हीही चालणार. कंपनी दुसरी, म्हणून नंबरही नवा. वायर ओढायला स्वप्नील नावाचा तरुण आला. पुढच्या खोलीत टीव्हीशेजारी त्यानं डबी बसवली, तिचे हिरवे दिवे लागले आणि मग त्यानं सहज विचारलं, "काकू, जुनी लाईन तोडायची का? ठेवायची असेल तर राहू द्या, आमच्या वायरीला तिची अडचण नाही."

"ऱ्हाऊ द्या का मंग," भिकुबाई कशीबशी म्हणाली.

"त्यावर कोणाना फोन येस, माय?" प्रेमराजनं विचारलं.

प्रश्न साधा होता. उत्तर एका नावाचं होतं आणि ते नाव या घरात घ्यायचं नव्हतं. तिनं आबांकडे पाहिलं. आबा अडकित्त्यात सुपारी धरून बसले होते, पण कातरत नव्हते.

"माले काय इचारतस?" ते म्हणाले. "तुनी माय सांगी तसं करा."

आता इतकी वर्षं ज्या माणसानं घरातला खिळासुद्धा बायकोला विचारून ठोकला नाही, तो आज तिच्यावर सोपवतो, म्हणजे काहीतरी आहे, एवढं ओळखायला काय हरकत होती? पण भिकुबाई घाबरली. आपल्या तोंडाकडे बघून यांना सगळं कळेल, असं तिला वाटलं. "माले फोनमधलं काय समजस," ती म्हणाली. "तुम्ही म्हनशात ते."

आबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. आणखी एकदा पुसला. "करी टाका बंद," म्हणाले आणि प्रेमराजनं पुढे केलेल्या अर्जावर सही केली.

तोंड दाबून बुक्क्यांचा मार तिला नवा नव्हता, पण हा मार रोज रात्रीच्या जेवणासोबत मिळायला लागला. प्रेमराज पडद्यावर दिसायचा, हसायचा, "माय, जेवनी का?" म्हणायचा आणि शेजारी आबा बसलेले असायचे. एकदा आबा देवळात गेलेले बघून तिनं विषय काढला. "प्रेमराज, तो जुना नंबर आपले परत..."

"तो ते कटी गया, माय. आते नही भेटाव."

फोन ठेवल्यावर तिनं नव्या फोनवरून तोच जुना नंबर फिरवला. पत्रिकांवर छापून छापून तो तिला देवाच्या नावासारखा पाठ होता. एक बाई फार अदबीनं म्हणाली की हा क्रमांक अस्तित्वात नाही. भिकुबाईनं पुन्हा फिरवला. बाईनं पुन्हा तेच सांगितलं. आखाजीला ज्योत्स्नाही हेच ऐकणार. आईबापानं आपली घंटासुद्धा तोडून टाकली, असंच तिला वाटणार. दुसरं काय वाटेल?

आखाजी आली. झोके टांगले गेले, घागर भरली, मांडे झाले. जेवणं आटोपल्यावर भिकुबाई भांडी घेऊन बसली. आज कान कुठेच लावायचे नव्हते, तरी ते लागलेच. भांडी धुऊन झाली, पालथी घालून झाली. शेवटी पदराला हात पुसत ती मधल्या खोलीत आली आणि दारातच थबकली.

आबा जमिनीवर बसले होते. माळ्यावर टाकलेला जुना फोन त्यांनी खाली काढला होता, धूळ पुसली होती आणि वायर भिंतीतल्या जुन्या खोबणीत खोचली होती. एक हात फोनवर ठेवून ते त्याच्याकडे बघत होते.

"काय करी ऱ्हायनात?" तिनं विचारलं.

"काही नही." मग वायर पुन्हा घट्ट दाबत म्हणाले, "दोन वाजतस आनि बंद व्हस. दर आखाजीले. माले म्हाईत शे."

भिकुबाईनं चौकट धरली. उपरण्याखाली हा माणूस एकदाही झोपला नव्हता. "मंग ठेवा असं का नही म्हनात त्या दिन?"

"तुले समजी जातं, मी ऐकस ते." आबा म्हणाले. "आनि तू? तू का नही म्हनी?"

"तुम्हले समजी जातं."

काय म्हणावं या दोघांना! एका छपराखाली, एकाच घंटेवर जीव लावून बसले आणि एकमेकांपासून ती लपवता लपवता दोघांनी मिळून तिचा गळा दाबला. राग येतो, आणि मग त्या म्हाताऱ्याच्या फोनवरच्या हाताकडे पाहिलं की रागही धड येत नाही.

भिकुबाई त्यांच्या शेजारी बसली. तिनं रिसीव्हर उचलून कानाला लावला. पूर्वी निदान ती एकसुरी गुणगुण यायची. आता तीही नव्हती.

"आते कसं समजी आपले," आबांनी विचारलं, "पोर शे का नही ते?"

तिनं रिसीव्हर परत जागेवर ठेवला. देवघरापुढे सकाळची घागर होती, एकटी, वर खरबूज ठेवलेली. पुढल्या आखाजीला घागरी किती भरायच्या, हे आता तिला कोणी सांगणार नव्हतं.