सरांची पोस्टकार्डं आणि झरीचा तारपा

मोकाशी सरांचे किस्से कुणी मुद्दाम जमवले नाहीत. आमच्या दुकानामागे जुने टायर साठतात, तसे ते साठत गेले. चारोटीच्या हॉटेलात आम्ही कोरसवाले बसलो की कुणीतरी म्हणतो, "सर एकदा काय म्हणाले माहितीये?" झालं! चहावाला स्वतःच गॅस बारीक करून ऐकायला येतो.

माझी शाळा आठवीत सुटली. मी चारोटीला पंक्चर काढतो आणि सरांच्या कोरसमध्ये मागच्या रांगेत गातो. चार माणसांत बोलायला मला जमत नाही, म्हणून लिहितोय.

*

सर आधी मुंबईत संगीताचे प्राध्यापक होते. गॅदरिंगला त्यांनी नवं समूहगीत बसवलं. प्रिन्सिपॉल म्हणाले, "छान आहे, पण पाहुण्यांचं भाषण लांबणार आहे. गाणं दोन मिनिटांनी कापा."

सर म्हणाले, "गाणं मी केलंय, ते मोजून केलंय. भाषण अजून व्हायचंय. ते कापा!"

पुढच्या महिन्यात सर नोकरी सोडून डहाणूला राहायला आले. सरांच्या पत्नी, आमच्या काकू, डहाणू स्टेशनवर तिकीट खिडकीवर होत्या, म्हणून घर चाललं. काकू म्हणायच्या, "ह्यांचा स्वाभिमान माझ्या ड्यूटीवर चालतो." सर मान हलवायचे, "खरंय." तेवढ्यावर भांडण संपायचं.

*

सर मंत्र्याला लिहोत की रेडिओला, पोस्टकार्डच लिहायचे. मी एकदा धीर करून विचारलं, "सर, पाकीट का नाही?"

"पाकीट फक्त साहेब वाचतो. कार्ड पोस्टमन वाचतो, शिपाई वाचतो, कारकून वाचतो. साहेबाने दाबलं तरी तिघांना कळलेलं असतं!"

आमचा पोस्टमन तर कार्ड टपालपेटीतून काढतानाच सांगायचा, "सर, या वेळी जरा मऊ लिहिलंत. बरं नाही का?"

*

सरांचं सगळ्यात मोठं काम म्हणजे कोरस आणि तारपा यांची एक रचना. तारपा म्हणजे सुकलेला भोपळा, बांबू आणि ताडाचं पान यांचं फुंकून वाजवायचं वाद्य. तो वाजवायचे तलासरीकडच्या झरी गावचे जान्याबाबा. अडचण एकच होती. बाबांच्या तारप्याचा सूर पेटीच्या दोन पट्ट्यांच्या मधे कुठेतरी पडायचा. तारपा काही पिळून वर चढवता येत नाही.

सरांनी पेटी उघडली आणि कानस घेऊन आतल्या पितळी पट्ट्या घासायला बसले. बाजारातले पेटीवाले मगनभाई कपाळाला हात लावून ओरडले, "सर, पेटी बगडी जशे!"

"मगनभाई, इतकी वर्षं सगळे तारप्याला सांगतात, आमच्यासारखा वाज. एकदा आपण त्याच्यासारखं वाजू."

पुढे गोकुळाष्टमीला शेजारच्या भजनी मंडळाने तीच पेटी मागून नेली. काकूंनी देऊन टाकली. रात्रभर प्रत्येकाला वाटत होतं, आपलाच गळा बसलाय. बुवांनी तर मधेच उठून मिठाच्या पाण्याने गुळण्या केल्या!

*

मग एकदा रेडिओचं पत्र आलं. रचना मंजूर! या पत्राची सर कित्येक वर्षं वाट बघत होते. तिकीट खिडकीवर काकूंनी गिऱ्हाइकांना पेढे वाटले. रेकॉर्डिंगची तारीख होती श्रावणातली.

आम्ही झरीला बातमी घेऊन धावलो. जान्याबाबा आवणात, म्हणजे भातलावणीच्या चिखलात उभे होते. म्हणाले, "भात तं आता लावलाय. नवा दाणा कणसरी आईला दिल्याबिगर तारपा कसा फुंकू?"

कोरसमधला एक जण म्हणाला, "बाबा, मुंबईत बंद खोलीत वाजवायचंय. कोण बघणार?"

सरांनीच त्याला गप्प केलं. "का? त्यांच्या देवीला मुंबईत ऐकू येत नाही?"

कार्ड गेलं : 'तारपा भात पिकल्यावर वाजतो. भात सध्या गुडघ्याएवढं आहे. आल्यावर कळवतो.'

उत्तर आलं, तारप्याऐवजी क्लॅरिनेट चालेल.

सरांनी लिहिलं : 'साहेबांच्या खुर्चीत दुसरं कुणी बसवलं तर चालेल का? आधी ते बघा.'

मग टाइप केलेलं पत्र आलं. ठरल्या तारखेला आला नाहीत तर मंजुरी रद्द. त्या संध्याकाळी पहिल्यांदाच काकूंचा आवाज चढला. "आयुष्यभराचं काम आहे हो तुमचं! एक दिवस वाकलात तर काय होईल?"

सर म्हणाले, "मी वाकेन गं. पण वाकायला लावणार कुणाला? जान्याला!"

तारीख आली आणि गेली. आम्ही कुणीच मुंबईला गेलो नाही.

*

दिवाळी झाली, भात झोडून झालं, आणि झरीच्या रस्त्यावर रेडिओची जीप आली! उतरलेले साहेब तिथे आम्हाला घेऊन तालमीला आलेल्या सरांना म्हणाले, "तुमची कार्डं आमच्या कँटीनमध्ये मोठ्याने वाचतात. सगळे विचारतात, भात पिकलं का? म्हटलं, आपणच बघून यावं."

अंगणात माइक उभा केला. जान्याबाबांनी तारपा फुंकला आणि चालायला लागले, कारण तारपा वाजतो तो चालत. त्यांच्या मागे हातात हात घालून अख्खं गाव गोल फिरायला लागलं. आमचा कोरसही त्यात. साहेब ओरडले, "अहो, एका जागी उभं राहायला सांगा!"

सर म्हणाले, "माइकला चालायला सांगा!"

शेवटी इंजिनियरने बूट काढले, माइक हातात घेतला आणि बाबांच्या पुढे उलटा चालत राहिला.

पंधरवड्याने पत्र आलं. रेकॉर्डिंग उत्तम, पण पायांचा धपधप आवाज फार येतो. ज्येष्ठ मंडळींच्या मते हा दोष आहे. कोरस व तारपा स्टुडिओत पुन्हा करावा, अन्यथा प्रसारण कठीण.

सरांनी तिथेच पोस्टमनच्या पाठीवर कार्ड ठेवून लिहिलं : 'पाय आमचेच आहेत. कलाकारांची नावं सांगाल तेव्हा त्यांचंही सांगा.'

महिनाभर काहीच नाही.

मग एका सकाळी झरीच्या शाळेच्या ओट्यावर आम्ही सगळे रेडिओभोवती बसलो होतो. रचना संपली. पूर्ण, एक सेकंदही न कापता. निवेदिकेचा आवाज आला.

"संगीत, प्राध्यापक मोकाशी. तारपा, जान्या. पावलं, झरीचे गावकरी."