बोनेटखालची बरणी

गॅरेजमध्ये काही वस्तू कुणी मुद्दाम ठेवत नाही, तरी त्या साठतात. झिजलेले टायर, एकाच बाजूचे आरसे, कुठल्या गाडीचे ते आता कुणालाच सांगता येणार नाही असे नटबोल्ट. किश्शांचंही तसंच आहे. फेकायला हात धजत नाही आणि ठेवायला जागा नाही.

इंदूरच्या परदेशीपुऱ्यात माझ्या धाकट्या भावाचं, बंडूचं गॅरेज आहे. मी शाळेत केमिस्ट्री शिकवते. रविवारी सकाळी पोहे-जलेबी बांधून घ्यायची आणि गॅरेजमध्ये जाऊन बसायचं, हा माझा जुना नेम. तिथे आणखी दोघं ठरलेले असतात. एक नाना तांबे. जन्म गिरणीत गेला, आता रिटायर आहेत, आणि मला अजून ‘माले’ म्हणून हाक मारणारे तेवढेच उरलेत. दुसरे जयस्वालजी. सियागंजात त्यांचं हार्डवेअरचं दुकान आहे. लहानपण आमच्याच गल्लीत मराठी पोरांबरोबर गेलं, त्यामुळे बोलताना मराठीत सुरुवात करतात आणि हिंदीत पोचतात.

गाडी पाण्यावर चालू शकते, हे खूळ जयस्वालजींनी आणलं. मोबाइलवर कुणाचा तरी व्हिडिओ बघितला, आणि तेव्हापासून आमच्या पोह्यांना दुसरा विषय म्हणून नाही.

* * *

पहिल्या रविवारी ते लोणच्याची काचेची बरणी घेऊन आले. आत पाणी, पाण्यात चिमूटभर सोडा, आणि त्यात स्टीलच्या पट्ट्या बुडवलेल्या. पट्ट्यांच्या दोन वायरी त्यांनी बंडूच्या एका बॅटरीला जोडल्या. पाण्यात बुडबुडे यायला लागले.

“देखो टीचरजी. फ्युएल बनतंय. हायड्रोजन.”

“बनतंय खरं,” मी म्हटलं, “पण ते बनवायला बॅटरी खर्च होतेय.”

“बॅटरी तर गाडीत फुकट चार्ज होते ना.”

“फुकट नाही हो. ती इंजिन चार्ज करतं, आणि इंजिन पेट्रोल पितं. जेवढं घालाल त्याहून कमीच परत मिळणार.”

ते बुडबुडेच बघत होते. मग मी शाळेतली युक्ती काढली. “हे बघा, लाकूड जळलं की काय उरतं? राख. हायड्रोजन जळला की काय उरतं? पाणी. म्हणजे पाणी ही हायड्रोजनची राख झाली. राख पुन्हा पेटते का?”

हे उदाहरण वर्गात हमखास चालतं. जयस्वालजींनी जलेबी संपवली, बोटं पुसली, आणि शांतपणे म्हणाले, “टीचरजी, राख से तो बर्तन चमकते हैं.”

* * *

नानांचा या बाबतीत मला आधार वाटायचा, कारण ते गिरणीत बॉयलरवर होते. वाफ, दाब, उष्णता हे सगळं त्यांच्या अंगातलं. मी मोठ्या आशेने म्हटलं, “नाना, तुम्ही तरी समजावा यांना.”

नानांनी चष्मा काढला. “खरं सांगू का माले, आमची अख्खी गिरणी पाण्यावरच चालली.”

जयस्वालजी खुर्चीतून उठलेच.

“नाना,” मी म्हटलं, “पाण्यावर नाही, कोळशावर. पाणी नुसतं मधे होतं.”

“हो, पण कोळसा घालायचे ते लोक. मी पाण्याचा कॉक सांभाळायचो. माझ्यापुरती तर पाण्यावरच चालली ना?”

त्या दिवसापासून जयस्वालजी कुणालाही सांगताना म्हणतात, “मिल के आदमी ने खुद बोला है.”

* * *

एकदा पागनीसकाकू गाडी घेऊन आल्या. बँकेतून रिटायर झालेल्या बाई, गाडी स्वतः चालवतात. गाडी आचके देत, थांबत थांबत गॅरेजपर्यंत आली आणि दारातच बंद पडली. घरी गाडी धुताना पेट्रोलच्या टाकीचं झाकण उघडं राहिलं होतं, आणि त्यांच्या भाच्याने पाइप थेट त्यावर धरला होता.

बंडूने टाकीतलं पेट्रोल एका प्लास्टिकच्या बाटलीत काढलं. वर पेट्रोल, खाली पाणी, मधे सरळ रेघ. मी तर खूश झाले, वर्गात दाखवण्यासारखा नमुना होता. पण जयस्वालजींनी ती बाटली उजेडात धरली आणि काकूंना विचारलं, “आप कहाँ से आईं?”

“सुदामानगरहून.”

“सुदामानगरहून इथपर्यंत? या पाण्यावर?” त्यांनी माझ्याकडे वळून बघितलं. “टीचरजी, मतलब चली तो सही.”

काकूंनी पदराने घाम पुसला. “चालली नाही हो. खोकत आली.”

* * *

मीही मग चिडून हा प्रश्न वर्गात नेला. अकरावीच्या चाचणीत विचारलं, ‘मोटारगाडी इंधन म्हणून पाण्यावर चालू शकेल का? कारणांसह लिहा.’ म्हटलं, निदान पुढची पिढी तरी वाचेल.

बऱ्याच जणांनी बरं लिहिलं. एकाने उत्तर लिहिलं ते असं: ‘नाही. पाण्यावर नाव चालते. गाडीसाठी रस्ता लागतो.’

मी अर्धे मार्क दिले. तो पेपर घेऊन माझ्याकडे आला आणि म्हणाला, “मॅडम, बाकीचे अर्धे कशाचे कापले? यात चूक काय आहे?”

मी टीचर्स रूममध्ये दोघांना विचारलं. चूक कुणालाच सापडली नाही. बाकीचे अर्धेही द्यावे लागले.

* * *

मग जयस्वालजींनी जाहीर डेमो ठेवला. गल्लीतल्या लोकांना बोलावलं, खुर्च्या मांडल्या, बरणी धुऊन पुसून टेबलावर ठेवली. या वेळी बरणीच्या गॅसवर ते एक जुनं जनरेटर चालवून दाखवणार होते. नाना पहिल्या रांगेत बसले.

आता इथे एक वाद निघाला. पाणी कोणतं घ्यायचं? बोरिंगचं की नर्मदेचं? जयस्वालजींचं म्हणणं, बोरिंगच्या पाण्यात क्षार फार, प्लेटा खराब होतील. नाना म्हणाले, “नर्मदेचंच घ्या. गाडी नाही चालली तरी पुण्य लागेल.” ठरलं, नर्मदेचं.

बंडूने नळ सोडला. नळाने नुसती हवा सोडली.

शेजारून कळलं की आज पाणी येणार नाही. तिकडे नर्मदेवर पंपांची लाइट गेली होती. इंदुरात राहणाऱ्याला हे सांगायला नको, आपलं पाणी स्वतःहून येत नाही, खालच्या नदीतून पंपांनी उचलून डोंगर चढवून आणावं लागतं.

लोक थोडा वेळ बसले, चहा पिऊन उठले. नाना जाता जाता जयस्वालजींच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “भिया, आपल्या गावात पाणीच लाइटवर चालतं. ते गाडी काय चालवणार?”

मला वाटलं, आता संपलं. जयस्वालजी बरणी छातीशी धरून घरी गेले, आणि पुढच्या रविवारी ती त्यांच्या गाडीच्या बोनेटखाली बसवलेली होती.

* * *

आता जे सांगायचं आहे, त्याच्या आधी एक गोष्ट सांगायला हवी. ती इतका वेळ सांगितली नाही, कारण तिच्यात हसण्यासारखं काही नाही. जयस्वालजी गाडी फार जोरात चालवायचे. दुकानात शांत, गल्लीत शांत, पण स्टिअरिंग हातात आलं की माणूस बदलायचा. एकदा बायपासवर त्यांची गाडी डिव्हायडरवर चढली. शेजारी सरलाभाभी, त्यांची बायको, बसल्या होत्या. त्यांचं मनगट मोडलं, ते अजून पुरतं वळत नाही. पोळ्या लाटताना त्या मधे मधे थांबतात. मुलगी रुचि त्या दिवसापासून बापाच्या गाडीत बसली नाही. रिक्षाने जायची, पायी जायची, पण गाडीत नाही. भाभींनी रडून सांगितलं, नानांनी रागावून सांगितलं. जयस्वालजी “हाँ, हाँ” म्हणायचे, दोन दिवस नीट चालवायचे, आणि पुन्हा तेच.

बरणी बसवायला बंडूने साफ नकार दिला होता. “बोनेट तापतं, त्यात हा गॅस. भिया, मी हात लावणार नाही.” तेव्हा जयस्वालजींनी ती स्वतःच बसवली. क्लिपा दुकानातल्या, पाइप दुकानातला.

काही महिन्यांनी ते मिठाईचा, मावाबाटीचा डबा घेऊन आले. “टीचरजी, एवरेज बढ़ गया.”

मी हसले. बंडू हसला नाही. तो म्हणाला, “ताई, मी मोजून बघतो.” त्याने स्वतः टाकी फुल्ल करून दिली, किलोमीटर बघून ठेवले, पुन्हा फुल्ल केली. एकदा नाही, परत परत केलं. मग एका रविवारी मला बाजूला घेऊन म्हणाला, “वाढलंय गं. चांगलंच वाढलंय.”

त्या संध्याकाळी घरी जाऊन मी पुस्तक काढलं. जे वीस वर्षं शिकवतेय तेच पुन्हा वाचलं. पुस्तक काही बदललेलं नव्हतं.

मग गाडी सर्व्हिसिंगला आली. जयस्वालजी गाडी सोडून दुकानात गेले, सरलाभाभी मात्र थांबल्या, त्यांना तिथून माझ्याबरोबर बाजारात जायचं होतं. त्या स्टुलावर बसून मटार सोलत होत्या. बंडूने बोनेट उघडलं आणि थोड्या वेळाने हाक मारली, “ताई, जरा इकडे ये.”

बरणी जागेवर होती. पण बॅटरीकडे जाणारी वायर क्लिपेपाशी गंजून तुटली होती. टोक नुसतं लोंबत होतं. बरणीतल्या पाण्यावर धुळीची साय धरली होती. एक बुडबुडा नाही.

“कधी तुटली असेल?” मी विचारलं.

“हा गंज बघ. काल-परवाची नाही. लावली त्याच्यानंतर लगेचच गेली असणार.”

“मग एवरेज?”

बंडूने खांदे उडवले. आम्ही दोघं बोनेटमध्ये डोकं घालून उभे. मागून भाभींचा आवाज आला.

“मुझे मालूम है.”

त्यांनी मटारची शेंग तशीच हातात धरली होती. “व्हिडिओवाल्याने सांगितलं होतं ना, बरणीतलं पाणी हललं की प्लेटा एकमेकींना लागतात, गॅस बनत नाही. तेव्हापासून हे गाडी अशी चालवतात, जशी मागच्या सीटवर तेलाची कढई ठेवली आहे. ब्रेक हळू. वळण हळू. स्पीडब्रेकर आला की आधी थांबतात, मग उतरवतात. मागून लोक हॉर्न मारतात, हे म्हणतात, मारू दे. पिछले हफ्ते उज्जैन गए थे. रुचि भी साथ बैठी. देवास नाक्याच्या पुढे गेलो नाही तोच झोपली. गाडीत झोपली, टीचरजी.”

नाना पेपर वाचत होते, त्यांनी पेपर खाली केला.

बंडू तुटकी वायर हातात घेऊन उभा होता. “भाभी, पण ही वायर…”

“वायर का मैंने कुछ पूछा?” भाभी म्हणाल्या आणि शेंग सोलायला लागल्या.

बंडूने माझ्याकडे बघितलं. मग तो बॅटरीकडे वळला, वायरीचं उरलेलं टोक सोडवून खिशात टाकलं. बरणी काढली, नळाखाली धुतली, त्यात नवं पाणी भरलं, आणि फडक्याने पुसून पुन्हा जागेवर बसवली.

संध्याकाळी जयस्वालजी आले. आधी बोनेट उघडून बरणी बघितली, वायरीकडे त्यांचं लक्षही गेलं नाही. पाणी स्वच्छ दिसल्यावर चेहरा खुलला. भाभी पुढच्या सीटवर बसल्या, बेल्ट लावला आणि काचेतून समोर बघत राहिल्या. नानांनी पेपरची घडी घातली. बंडू हात पुसत होता, बराच वेळ पुसत होता.

जयस्वालजी माझ्यासमोर येऊन उभे राहिले. “टीचरजी, इतके दिवस तुमचं ऐकलं. आता खरं सांगा. पाण्याने फरक पडला की नाही पडला?”

“पडला,” मी म्हणाले. “फक्त ते हलू देऊ नका, जयस्वालजी. सगळं त्याच्यावरच आहे.”

झोपलेल्या लेकराच्या खोलीचं दार लोटावं तसं त्यांनी बोनेट हळूच लावलं.

“वही तो,” ते म्हणाले, “मैं कब से सबको समझा रहा हूँ.”