सर पाणी प्यायला आत येत

"तें आमचें कामाचें. कुवेतान आयदनां घासतालें. उलय गो चार शब्द अरबी, पाव्हण्यांक मजा येतली!"

सर्टिफिकेट वाटायच्या दिवशी सर भर सभेत असं म्हणाले. कुवेतात भांडी घासणारी मी, चहाचा ट्रे धरून उभी. आमच्याकडे लहान चेडवाला, पोरीला, मायेने 'तें' म्हणतात. मी अडतीस वर्षांची होते. पाहुणे हसले. मीही दोन शब्द बोलले. बोलले म्हणजे काय, माकडासारखी नाचले. त्याची लाज मला आजही वाटते.

सर म्हणजे डिचोलीच्या भाटकाराचे, जमीनदाराचे, चिरंजीव. यांच्याच भाटात माझा बाबा काजू वेचायचा आणि मागच्या दाराने मजुरी घ्यायचा. आखातात जाणाऱ्यांसाठी सरांनी घराच्या पुढच्या सालात, म्हणजे दिवाणखान्यात, अरबीचा क्लास काढला होता. मला चहा-झाडूला ठेवलं. मीही मागच्या दारानेच यायची.

कुवेतात मी सात वर्षं एका घरी होते. तिथली बाई शाळेत शिकवायची. मी इस्त्री करायची, ती शेजारी बसून मुलांचा अभ्यास घ्यायची. माझं लक्ष बघून तिने मलाही वही दिली. लढाई पेटली तेव्हा नेसत्या कपड्यांनिशी पळून आले. ती वही तेवढी छातीशी होती.

सरांनी ती वाचायला म्हणून नेली आणि स्वतःच्या नावाने पुस्तक छापलं. वर क्लासात कुणी अडचणीचं विचारलं की म्हणायचे, "थांबा, पाणी पिऊन येतो." पडद्याआड यायचे, मी सांगायची, बाहेर जाऊन पोपटासारखं बोलायचे. पोरांना वाटायचं सरांना डायबेटीस आहे. अगो बाय, कसला डायबेटीस! डोक्यात काही नव्हतं, म्हणून घसा सुकायचा.

साधं 'ये' म्हणायचं तर अरबीत पुरुषाला तआल, बाईला तआली, अनेकांना तआलू. सर सगळ्यांना तआल शिकवत. मी एकदा म्हटलं, "सर, ह्या पोरी बायकांच्या घरात कामाला जाणार. बाईला पुरुषासारखं बोलल्या तर पहिल्याच दिवशी हसं होईल." सर म्हणाले, "मोलकरणींक व्याकरण कित्याक?"

त्या सभेनंतर मी ठरवलं, आता एक अक्षर सांगायचं नाही.

पुढच्याच आठवड्यात पाळी गावच्या एका मुलीने विचारलं, "सर, तीन मुलगे म्हणताना आकड्याला बाईचं रूप लावलंय आणि तीन मुली म्हणताना पुरुषाचं. असं उलटं कसं?"

सर पाण्याला आले. मी पेला भरून दिला.

"सांग मगे," ते कुजबुजले.

"पाणी घ्या, सर."

दात-ओठ खात बाहेर गेले. आणि म्हणाले, "छापतना चूक जाल्या. खोडून उडयात."

वीस पोरी बरोबर वाक्य खोडायला लागल्या. पेनांचा खरखर आवाज मला आत ऐकू येत होता. माझ्या वहीतलं वाक्य. कुवेतच्या त्या बाईने माझ्या हाताला धरून लिहून घेतलेलं. गप्प बसून मी सरांना धडा शिकवायला गेले आणि भोगणार होत्या या पोरी.

मी पडदा सारून बाहेर आले.

"खोडू नका. बरोबर आहे ते. तीनपासून दहापर्यंत असंच उलट चालतं." खडू घेतला आणि फळ्यावर लिहून दाखवलं. अक्षर वाकडं आलं, पण चुकलं नाही.

"तूं भितर वच!" सर ओरडले.

"आत तुम्हाला शिकवत होते, सर. आता ह्यांना शिकवते."

कुणी हसलं नाही. सरांचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. "फाल्यां येवं नाकात," एवढंच म्हणाले. म्हणजे उद्या येऊ नका. रागाच्या भरात पहिल्यांदा मला अहो-जाहो केलं, बिचाऱ्याने.

मी सरांच्या टेबलावर पडलेली माझी वही उचलली आणि पुढच्या दाराने बाहेर पडले.

आता कारापूरला माझ्या पडवीत फळा आहे. कधी दोघी येतात, कधी कुणीच नाही. तरी पडद्याआडून मी यापुढे कुणाला काही सांगणार नाही. ज्याला शिकायचंय त्याने माझ्यासमोर जमिनीवर बसायचं आणि वर तोंड करून विचारायचं. सरांनीसुद्धा. पाणी घरून आणायचं.