विंगेतला हात

नाटक कंपनीतल्या कपडेवाल्या मावशीचं काम खरं तर इस्त्रीचं आणि हूक लावण्याचं. पण तिला विचाराल तर ती म्हणायची, "मी बाई, घर सोडून आलेल्या बायकोला धरते." आणि ते खोटं नव्हतं. कंपनीचं ते जुनं, गाजलेलं नाटक. शेवटी नायिका नवऱ्याला तोंडावर सांगते, "आता मी माझी जगेन," आणि चालती होते. टाळ्यांचा नुसता कडकडाट! पण झगझगीत उजेडातून विंगेत शिरलं की डोळ्यांपुढे मिट्ट काळोख, पायात वायरींचं जंजाळ. टॉर्च लावला तर प्रेक्षकांना दिसणार. म्हणून मावशी तिथे हात पुढे करून उभी. नायिका बदलत गेल्या, हात तोच राहिला.

"या नाटकानंच हिचं डोकं फिरवलं," असं मावशीच्या सासरचे म्हणत. डोंबलाचं नाटक! नवरा चार लोकांत तिला "आमचं येडं" म्हणून हाक मारायचा आणि स्वतःच खदाखदा हसायचा. एक दिवस ती उठली आणि निघाली. तेव्हा टाळी वाजवायला कुत्रंही नव्हतं. मग एक खोली, एक ताट, एक कुलूप. सुट्टीच्या दिवशी तर घर खायला उठायचं.

त्या दिवशी दुपारच्या प्रयोगाला धाकटा दीर मागच्या दाराशी आला. "वहिनी, दादा फार थकलाय गं. चल घरी. प्रयोग संपला की सांग काय ते." बिचारा मनाचा वाईट नव्हता.

मावशीचं चित्त थाऱ्यावर राहिलं नाही. घरात कुणाचा तरी खोकला, दुसरा एक कप चहा... जीव तुटला तिचा. जावं, असंच तिनं ठरवून टाकलं. आणि त्या नादात टाळ्या वाजल्या तरी हिचा हात खालीच! नायिका झालेली पोर आत आली, चाचपडली आणि वायरीत पाय अडकून गुडघ्यावर आपटली.

"मावशी! अहो, कुठे आहात?"

घर सोडलं त्या दिवशी मावशीही असंच कुणाला तरी हाका मारत होती, मनातल्या मनात. "आले गं बाई, आले," म्हणत तिनं पोरीला उचललं.

दीर वाट बघत होता. मावशीनं विचारलं, "दादा नेमकं काय म्हणाला रे?"

"म्हणाला, जा, आपलं येडं घेऊन ये." दीर हसला. "प्रेमानंच गं!"

मावशी म्हणाली, "नाही येत, सांग त्याला."

"अगं, पण इथे तुझं आहे कोण?"

"कोणी नाही रे."

नायिकेला न्यायला तिचा नवरा आला होता. लंगडत ती त्याच्या स्कूटरवर बसली, मावशीला टाटा करून गेली.

मावशी खोलीवर पोचली तेव्हा जिन्यातला दिवा गेलेला होता. शेवटच्या पायरीवर सवयीनं तिनं हात पुढे केला. हाताला कुलूप लागलं.