उत्तर समाधानकारक नाही

कोणाच्याही घरात शिरली की ती आधी खुंटी शोधायची. खांद्यावरची कापडी पिशवी खुंटीला लटकवायची, पदर कमरेला खोचायची आणि घरातल्या बाईला विचारायची, "हं, काय रायलं आहे करायचं?" पिशवीत येशूच्या शुभवर्तमानाच्या पुस्तिका असायच्या. त्या वाचून दाखवायच्या, बायांना दोन गोष्टी सांगायच्या, प्रार्थना करायची आणि पुढच्या घरी जायचं, हे तिचं काम. पण पिशवी एकदा खुंटीला लागली की निघायच्या वेळीच खाली यायची.

तुमच्यापैकी जे ख्रिस्ती मंडळीत, म्हणजे चर्चात, वाढले त्यांनी बायबलबाई पाहिलेली असेल. बाकीच्यांसाठी सांगतो. पुरुष उपदेशकाला ज्या चुलीपर्यंत जाता येत नाही तिथे जाऊन देवाचं वचन सांगणारी ती बायबलबाई. आमची बाई मूळची नाकाडोंगरीची. नवरा खाणीत मजूर होता, तो लवकर वारला. मंडळीतल्या एका म्हातारीनं तिला साकोलीला आणून आसरा दिला, तिचा बाप्तिस्मा झाला आणि पुढं मंडळीनं तिला या कामावर नेमलं. मी तिला ओळखायला लागलो तेव्हा ती पन्नाशीची असेल. आजूबाजूची दहा-बारा गावं ती पायी फिरायची.

मी तेव्हा मंडळीच्या शाळेत मास्तर होतो. अक्षर बरं म्हणून मंडळीचं चिटणीसपणही माझ्याच गळ्यात पडलं होतं. आणीबाणी उठली त्या वर्षी मला सहा महिन्यांच्या शास्त्रवर्गाला पाठवलं. परत आलो तेव्हा शास्त्र अंगात मावत नव्हतं. माणूस आपल्या चांगल्या कामांनी तरत नाही, फक्त विश्वासाने तरतो, एवढं मी तिथे पक्कं करून आलो होतो. आता याच्या उलट मानणारं कोणी कधी सापडतं याची मी वाटच बघत होतो म्हणा ना. ही दिवसभर लोकांची कामं करत फिरणारी बाई मला आयतीच मिळाली.

दर सोमवारी शाळा सुटल्यावर ती ओसरीवर येऊन बसायची. तिला वाचता यायचं, पण लिहायला हात वळत नसे. म्हणून तिच्या आठवड्याच्या अहवालाचा छापील कागद मी भरायचा. गाव कोणतं, ऐकणाऱ्या बाया किती, वचन कोणतं सांगितलं.

"एकोडीत किती जणींनी ऐकलं?" मी विचारायचो.

"कोनाले येळ होता जी? धानाचा रोवणा सुरू आहे. मी बी दोन बांध्या रोवू लागली त्याहीले."

"आणि वचन?"

"ते वावराच्या धुऱ्यावरच्या झाडाले टांगलं होतं ना. पानी नाही लागू देल्लं."

"पुढच्या खेपेला तरी सांगाल?"

"सांगीन ना जी. आधी त्याहीचं होऊन जाऊ द्या."

हे तिचं नेहमीचं वाक्य. आधी त्याहीचं होऊन जाऊ द्या. कोणाची रोवणी, कोणाच्या पोराचा ताप, कोणाच्या सुनेचं बाळंतपण. वचन सांगायला ती विसरायची असं नाही, त्याची पाळीच येत नसे.

कधी आलीच पाळी तर निराळीच तऱ्हा. घर सोडून गेलेला मुलगा परत येतो आणि बाप त्याला पोटाशी धरतो, ही गोष्ट ती बायांना सांगायची. एकीनं विचारलं, मग त्या पोराची माय कुठं होती? गोष्टीत आई नाहीच. पण ही अडली नाही. "माय चुलीपाशी होती," तिनं सांगितलं, "म्हनून लिहनाऱ्याले दिसली नाही." पुढच्या वेळेपासून ती गोष्ट सांगताना बाप रस्त्यावर धावायचा आणि आई आत पोरासाठी तांदूळ निवडत बसायची. हे शास्त्रात नाही म्हणून मी तिला दटावलं. ती मान खाली घालून हसली आणि म्हणाली, "बरं जी."

एकदा तिचं काम तपासायला मी सायकल घेऊन तिच्यासोबत गेलो. एका कुणब्याच्या घरी अंथरुणाला खिळलेली म्हातारी होती. बाईनं गरम पाणी मागून घेतलं आणि म्हातारीचे पाय मांडीवर घेऊन धुवायला लागली. म्हातारी ओशाळली. "तुह्या देवाले चालते का वं, माह्ये पाय धुतलेले?" तिनं विचारलं. बाईनं वर न बघताच उत्तर दिलं, "त्यानंच धुतले होते ना माय, आपल्या मानसाईचे. त्याचंच पाहून शिकली मी." म्हातारी डोळे पुसू लागली. मी शेजारीच बसलेलो होतो. सोमवारी कागदावर मी लिहिलं, "वचन सांगितले नाही." पुस्तिका पिशवीतून निघाली नव्हती हे मी डोळ्यांनी बघितलं होतं ना!

माझ्या आधीचे चिटणीस तिचं बोलणं ऐकून हसायचे आणि रकान्यात येशूच्या एखाद्या दृष्टान्तकथेचं नाव टाकून मोकळे व्हायचे. मी खरं लिहीत गेलो. सहा महिने खरं लिहिलं. मग ते कागद मंडळीचा कारभार बघणाऱ्या वडीलमंडळींच्या बैठकीत ठेवले आणि म्हणालो की ही बाई कामांवर भरवसा ठेवते, विश्वासाचं काही सांगत नाही. आम्हाला तिची काळजी वाटते, असंही मी म्हणालो. त्या 'आम्हाला'त माझ्याशिवाय कोणीच नव्हतं.

बैठकीला तिला बोलावलं. ती दारापाशी उभी राहिली, आमचे वयस्कर पाळकसाहेब बस म्हणाले तरी बसली नाही. त्यांचा तिच्यावर जीव होता, पण माझ्या कागदांपुढं त्यांचं काही चालेना. मीच सुचवलेला प्रश्न त्यांनी विचारला. "बाई, तुमचं तारण कशानं होईल? तुम्ही केलेल्या कामांनी, की विश्वासानं?"

तिनं आधी माझ्याकडे बघितलं. वर्गात पोरं बघतात तसंच, मास्तर काही सुचवतो का म्हणून. मी वहीत बघत राहिलो.

"मी त्याचा इचारच नाही केला जी," ती सावकाश म्हणाली. "मले वाटे, तारायचं काम देवाचं आहे. तो करतेच. मंग मी काहून त्याचा घोर करू? माहं काम निराळं आहे."

मी इतिवृत्तात लिहिलं, "उत्तर समाधानकारक नाही." ती काय बोलली ते लिहिलं नाही. लिहिण्यासारखं काही आहे असं मला वाटलंच नाही.

तिला काढून टाकलं असं कोणी म्हणालं नाही. बाईंनी काही दिवस गावांना जाऊ नये, आधी शिकून घ्यावं, एवढंच ठरलं. आणि शिकवायला अर्थातच मी.

मी मन लावून शिकवलं. तीही मन लावून शिकली, हेच तर वाईट झालं. ओसरीवर माझ्यासमोर पाय मुडपून बसायची, हात मांडीवर. त्या हातांना काही न करता बसलेलं मी तोवर कधी पाहिलं नव्हतं.

"मंग इतके दिवस मी केलं, ते?" एकदा तिनं विचारलं.

"त्यानं तारण होत नाही, बाई."

"अन् इश्वासानं?"

"त्यानं होतं."

"तो आहे का मले?"

"ते ज्याचं त्यानं तपासून बघायचं," मी म्हणालो.

त्या दिवसापासून ती तपासत बसली. ज्या बाईनं कधी स्वतःकडे वळून बघितलं नव्हतं, ती रात्रंदिवस आपल्या आतच चाचपडायला लागली. रविवारी देवळात पहिल्या रांगेत बसायची, पाळकसाहेबांच्या तोंडचा शब्द न् शब्द ऐकायची, आणि बाहेर आलं की मला गाठायची. "मास्तरजी, काल प्रार्थना करतानी माहं मन भाजीकडं गेलं. हे इश्वास नसल्याचं लक्षण होय का जी?" मला तेव्हा बरं वाटायचं. शिकवणी लागू पडतेय, असं मी पाळकसाहेबांना सांगितलं.

दुसऱ्या की तिसऱ्या महिन्यात एकोडीहून एक माणूस बैलबंडी घेऊन आला. बौद्धाच्या घरचा, ओळखीचा. त्याची बहीण पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती, अडली होती, आणि बाईचंच नाव घेत होती. बाई ताडकन उठली. मग तिचं लक्ष माझ्याकडे गेलं.

"जाऊ का जी? का त्यानं इश्वास कमी पडते?"

"जा" म्हणायला मला काय झालं होतं? मी पुस्तकातून मान वर न काढता म्हणालो, "तुमच्या मनाला विचारा." मी कोणत्या सुरात बोललो ते मला माहीत आहे, आणि तिलाही ते कळलं. ती परत खाली बसली.

"तुम्ही गावातल्या सुईणीले नेजा भाऊ," ती त्या माणसाला म्हणाली. तो बंडी वळवून निघून गेला. पोरगी सुटली, मुलगी झाली, असं पुढं बाजारात कळलं. पण त्यानंतर तिला बोलवायला कुठल्याच गावाहून कोणी आलं नाही.

चार-पाच वर्षं अशीच गेली. मग आमच्या वार्षिक सभेला नागपूरहून एक नावाजलेले उपदेशक आले. विषय माझ्या आवडीचा, तारण. मी पुढंच बसलो होतो, पलीकडं बायांच्या पहिल्या रांगेत ती. उपदेशक म्हणाले, "मी तरतो की नाही, हा घोर कशाला करता? तारणं हे देवाचं काम आहे. ते त्याच्यावर सोडून निर्धास्त राहणं, याचंच नाव विश्वास. मग तुमचे हात शेजाऱ्यासाठी मोकळे होतात." सगळे आमेन म्हणाले. हे मी आधी ऐकलं होतं. बैठकीच्या दारात उभं राहून, आमच्याच बोलीत, कोणाचं पुस्तक न वाचता एका बाईनं हेच सांगितलं होतं. मला तिच्याकडे बघायचं धैर्य होत नव्हतं, तरी बघितलं. ती डोळे मोठे करून ऐकत होती आणि मान डोलावत होती.

बाहेर आल्यावर ती आपण होऊन माझ्याकडे आली. "काय सांगतलं जी त्यानं! मले तं असं कधी सुचलं नसतं."

सांगायचं तर तेव्हाच सांगायला हवं होतं. आजूबाजूला माणसं होती, पाळकसाहेब होते, ते उपदेशकही तिथेच चहा घेत होते. मी म्हणालो, "हो, चांगलं सांगितलं." आणि सतरंज्या गोळा करायला निघून गेलो. त्यानंतर दोन वर्षं मी रोज तिच्या समोरून गेलो. आज सांगू, उद्या सांगू करत राहिलो. काम कसलं आडवं येणार! लाज वाटत होती, एवढंच.

मग ती आजारी पडली. छातीत पाणी झालं, असं डॉक्टर म्हणाले. शाळेमागच्या तिच्या खोलीत मी गेलो तेव्हा ती एकटीच होती, उशीला टेकून बसलेली, धाप लागलेली. मी स्टुलावर बसलो आणि आडवळण न घेता बोललो.

"बाई, बैठकीत तुम्ही दिलेलं उत्तर बरोबर होतं. चूक माझी होती."

"कोन्तं उत्तर जी?"

तिला आठवत नव्हतं. मी तिचं वाक्य तिला म्हणून दाखवलं, तिच्याच शब्दांत, सगळं. तिनं ते परक्याचं ऐकावं तसं ऐकलं.

"असं मी म्हनलं होतं?"

"तुम्हीच म्हणालात. मी समोर होतो."

"नाही जी मास्तरजी. मले एवढं कुठून येते? तुम्ही मले बरं वाटावं म्हनून सांगून रायले." आणि हसून म्हणाली, "चांगलं मन आहे तुमचं."

मी पुन्हापुन्हा सांगितलं. इतिवृत्ताची वही आणून दाखवावी असंही मनात आलं, पण वहीत तिचे शब्द नव्हतेच, माझेच होते. जितकं मी बोलत गेलो तितकी ती माझी समजूत काढत गेली. शेवटी दमून तिनं डोळे मिटले. झोप लागली असं वाटलं, म्हणून मी उठलो.

"मास्तरजी," डोळे न उघडताच ती म्हणाली, "खरं खरं सांगा. मी तरीन का जी?"

"तुम्ही तरलेल्याच आहात, बाई."

तिनं डोळे उघडून माझ्या चेहऱ्याकडे बघितलं. सुई दुखत नाही असं सांगितल्यावर पोरं बघतात, तसं. मग माझा हात थोपटला आणि भिंतीकडे तोंड करून निजली.

दोन दिवसांनी ती गेली. शेजारीण शेवटपर्यंत तिच्याजवळ होती. ती सांगत होती की बाईला दुखत फार नव्हतं, पण भीत होती, आणि कशाला भिते ते काही सांगेना. मी ऐकून घेतलं आणि ती कशाला भीत होती ते मीही कोणाला सांगितलं नाही.