हा प्रश्न वर्गात आला तर?

जात, धर्म, पाळी, हुंडा अशा विषयांवर वर्गात कसं बोलायचं, हे मी शिक्षकांना शिकवते. लोकांना वाटतं, हिला कशाचीच भीती नाही! खरं सांगू? प्रत्येक बॅचच्या आधी वाटतं, आज आजारी पडावं! तरी जात राहिले, अन् किस्से साठत गेले.

*

गारखेड्यातली पहिलीच बॅच. म्हटलं, ज्या विषयाची धास्ती वाटते तो चिठ्ठीवर लिहा, नाव नको.

खोका उघडला, तर सगळ्या चिठ्ठ्या कोऱ्या! एकीवर फक्त एवढंच : "मॅडम, अक्षर ओळखतात हो इथं."

*

पुढच्या बॅचला हजेरीचा कागद पहिल्याच बाकावर अडकला. एक सर पेन धरून शेजारच्या सरांकडे बघत होते.

"काय झालं, सर?"

"शहराचं नाव जुनं लिहू की नवं, ते यांना विचारतोय. आणि हे मला विचारतायत!"

आम्ही तो रकानाच खोडून टाकला. अन् नाजूक विषयांवर बोलायला शिकवणार आम्ही!

*

शहागंजजवळच्या शाळेत रोल-प्ले होता. मी चिडलेली पालक झाले. "आमच्या पोरांच्या डोक्यात काय भरवता तुम्ही?"

समोर शबाना मॅडम. चेहरा एकदम पांढरा पडला.

"अहो, हे खोटं खोटं आहे!"

"मालूम है, मॅडम. पण परवा एक पालक गेटवर हेच बोलले. शब्दन् शब्द!"

*

वैजापूरला एक सर आठवीला पाळीबद्दल सांगत होते. म्हणजे फळ्याकडे तोंड करून, "ती... ती अडचण..."

मागून एक मुलगी म्हणाली, "सर, पाळी म्हणा. पोरांना आम्ही कवाच सांगितलंय!"

*

आणि शिंदे सर. त्याच तालुक्यातल्या एका खेड्यातली शाळा, सातवीचा वर्ग, मी शेवटच्या बाकावर. सर समतेवर छान बोलत होते. "जात विचारणं चूक आहे," म्हणाले.

खिडकीजवळची मुलगी उभी राहिली.

"सर, पहिल्या दिवशी तुम्ही सगळ्यांचं नुसतं नाव विचारलं. मला आडनाव विचारलं. मग गाव विचारलं. मग गावात घर कुठं, ते विचारलं. का?"

अवघड प्रश्न आला की लगेच बोलू नका, दहापर्यंत मोजा, हे मीच शिकवलं होतं. सरांनी मोजलं असावं. खडू खाली ठेवला.

"तुला जे वाटतंय ना, त्याच्यासाठीच विचारलं होतं. चुकलं माझं."

ती उभीच.

"बस, बाळा," सर म्हणाले.

"नाय सर, तुम्ही बसा. लई घाम आलाय तुम्हाला."